राणूची पुळण आणि बायांचं वाळवण

सुलभा ठाकूर बाईंचं नाव आधी घेतो आणि मगच प्रवासाला निघतो. आमच्या घराण्यात पदवी घेतलेला मी पहिला. वडील गवंडीकामाला जायचे आणि दहावीनंतर मीही जाणार, हे ठरलेलं होतं. बाई एका रविवारी आमच्या घरी आल्या, वडिलांसमोर पाटावर बसल्या आणि म्हणाल्या, "हा भिंत तिरकी बांधेल. ह्याला कॉलेजात पाठवा." माझ्या हातच्या भिंतीबद्दल वडिलांनाही शंका असावी, कारण ते लगेच हो म्हणाले. परीक्षेच्या दिवसांत मी बाईंच्याच घरी राहायचो, त्यांच्याच हातचं जेवायचो. आज मी शहरातल्या एका शाळेत भूगोल शिकवतो तो त्यांच्यामुळे.

बाई मूळच्या रायगडच्या किनाऱ्यावरच्या. नवऱ्याच्या नोकरीमुळे त्या आमच्या बेळगावकडच्या गावात आल्या आणि तिथेच राहिल्या. आम्हा मुलांपैकी कुणी समुद्र पाहिला नव्हता, म्हणून भरती-ओहोटी शिकवताना त्या स्वतःच्या गावची एक जागा सांगायच्या. खाडीच्या तोंडाशी वाळूचा एक मोठा पट्टा आहे, सकाळी असतो, दुपारी नसतो. त्याचं नाव राणूची पुळण (पुळण म्हणजे समुद्रकाठची वाळू). राणू नावाच्या कुणा पूर्वजानं पहिली होडी तिथे लावली म्हणे. परीक्षेत ओहोटीच्या उत्तरात आमचा अख्खा वर्ग राणूची पुळण लिहायचा, आणि तपासणारे चक्रावून जायचे.

यंदा जानेवारीत बाई म्हणाल्या, "परशराम, माझे गुडघे आता एवढा प्रवास करू देत नाहीत. तू जाऊन ये. दत्ताच्या घरी उतर. काय बघितलंस ते मला लिही." दत्ता म्हणजे बाईंचा धाकटा भाऊ. मी कुंद्याचे (आमच्याकडची खव्याची मिठाई) दोन डबे घेतले आणि निघालो.

आमच्याकडून बाहेर पडताना माणसाला आपलं गाव सांगायची तयारी करावी लागते. गाडीच्या पाटीवर एक नाव असतं, घरात दुसरं बोललं जातं, आणि सरकारी कागदावर कुठलं लिहायचं ते समोर कोण बसलंय यावर ठरतं. पनवेलच्या गाडीत शेजारच्या गृहस्थांनी गाव विचारलं. मी "बेळगाव" म्हणालो.

"म्हणजे कर्नाटक," ते म्हणाले.

मागच्या सीटवरचे आजोबा उठून उभेच राहिले. "कर्नाटक काय म्हणता? सीमाभाग म्हणा!"

"अहो, नकाशात बघा ना."

"नकाशा कुणी काढला ते आधी बघा!"

पुढे बराच वेळ माझ्या गावाचं नाव काय असावं यावर त्या दोघांचं जोरात चाललं होतं. मला कुणी काही विचारलं नाही. मी शेंगदाणे खाल्ले. पनवेल आलं तेव्हा दोघांनीही "तुमचा प्रश्न सुटेल हो एक दिवस" असं म्हणून माझ्याशी हात मिळवला.

पनवेलहून अलिबाग, आणि अलिबागच्या स्टँडबाहेर मिनीडोर (इकडची सहा आसनी रिक्षा, ज्यात दहा माणसं बसतात). माझ्या मांडीवर कुणाचीतरी कलिंगडं होती. नागावपर्यंत दोन्ही बाजूंना नारळी-पोफळीच्या वाड्या आणि प्रत्येक वाडीच्या फाटकावर खोल्या भाड्यानं मिळण्याची पाटी. नागावच्या पुढे पाट्या विरळ झाल्या, खारट वास वाढला, आणि एका वळणावर उजव्या हाताला समुद्र दिसला. मी "समुद्र!" असं मोठ्यानं म्हणालो. चालकानं आरशातून माझ्याकडे बघितलं. "हां. रोजच असतो."

बाईंच्या गावाला इथे करंजपाडा म्हणतो आणि खाडीपलीकडच्या गावाला साळवदांडा. दोन्ही नावं मी बदलली आहेत. कारण पुढे कळेलच.

दत्तामामा फाटकाशीच उभे होते. बारीक, उंच, बाईंसारखेच भुवया उंचावून बोलणारे. वनितामामींनी पाय धुवायला पाणी दिलं आणि लगेच पानच वाढलं. तांदळाची भाकरी, मांदेलीचं कालवण, तळलेले बोंबील. आमच्याकडे मासा म्हणजे तळ्यातला, काट्यांनी भरलेला. मी बोंबलातले काटे शोधत बसलो तेव्हा मामी हसल्या. "नुसता गिल रं बाबा. त्याच्यात शोधन्यासारखा काय नाय."

घरात मोठी गडबड होती. दुसऱ्या दिवशी दोन गावांतला क्रिकेटचा सामना होता, आणि तोही मधली कितीतरी वर्षं बंद पडून आता पुन्हा सुरू होणारा. मामांनी महिनाभर दोन्हीकडे फेऱ्या मारून तो जुळवला होता. एवढी धडपड कशासाठी, ते मामींनी चुलीपुढे बसून सांगितलं.

त्यांची एकुलती एक मुलगी सोनाली साळवदांड्यात दिलेली. जावई हर्षल तिकडचा कप्तान. लग्न झालं त्या वर्षी हा मुलगा दर चार दिवसांनी होडीनं यायचा, मामींच्या हातचं जेवायचा, इथेच ओट्यावर झोपायचा. मग एका सामन्याच्या वेळी बोर्डावरून भांडण झालं, खुर्च्या फेकल्या गेल्या, आणि तेव्हापासून जावयानं सासुरवाडीच्या उंबऱ्यावर पाय ठेवला नव्हता. सोनाली एकटी यायची आणि दिवस मावळायच्या आत परत जायची.

"बोर्डावर काय होतं?" मी विचारलं.

"लिवला होता पोरांनी कायतरी," मामी म्हणाल्या. मला वाटलं, शिवी असणार.

"उद्या सामना नीट झाला का मी त्याला जेवायला बोलावनार," त्या पुढे म्हणाल्या. "पोपटी लावनार. त्याला पोपटी लय आवरते." (आवरते म्हणजे आवडते; इकडे 'ड'चा कधी कधी 'र' होतो.) पोपटी म्हणजे मडक्यात भांबुर्डीचा पाला घालून त्यात वालाच्या शेंगा, अंडी, मसाला लावलेली कोंबडी असं थरांनी भरायचं, मडकं उलटं ठेवायचं आणि भोवती जाळ करायचा. पाण्याचा थेंब नाही. शेंगा मामींनी कालच तोडून ठेवल्या होत्या. त्यांतली एक मला कच्चीच खायला दिली आणि म्हणाल्या, "देवाला सांग, भांडन नको."

सकाळी मी बाहेर पडलो आणि बाईंनी वर्गात खडूनं काढून दाखवलेली जागा डोळ्यांनी पाहिली. पाणी हळूहळू मागे सरत होतं आणि खाडीच्या तोंडाशी वाळूची पाठ वर येत होती, आधी वीतभर, मग खळ्याएवढी, मग गावच्या जत्रेला पुरेल एवढी. करंजपाड्याची माणसं ओल्या वाळूवरून चालत निघाली. पलीकडून साळवदांड्याच्या होड्या आल्या. स्टंप रोवले गेले. टेंपोवरून कर्णे उतरले. वाळूच्या मधोमध दोन बांबूंवर फ्लेक्स लागला. त्यावर दोन्ही गावांची नावं सारख्या आकारात, भव्य टेनिस क्रिकेट सामना, आणि खाली 'स्थळ : नेहमीचेच'.

मला तो निष्काळजीपणा वाटला. एवढा खर्च करून फ्लेक्स छापायचा आणि ठिकाणच लिहायचं नाही!

तेवढ्यात मामा धावत आले. समालोचक दोन्ही गावांबाहेरचाच असावा अशी इथली जुनी रीत. अलिबागहून येणारा माणूस दुसऱ्याच सामन्यात अडकला होता. "परशराम, तू बोलशील काय रं? तू कुनाचाच नाय. आनि सुलीनं शिकवलेला, म्हंजे शुद्ध बोलशील."

"मी कधी समालोचन केलं नाही, मामा."

"चेंडू कुठं गेला ते सांगायचा. बाकी ते तुना सांगायची गरज नाय, तू बेळगावचा हायस."

ते काय, हे मी विचारायला हवं होतं. पण माईक हातात आला होता, आणि माईक हातात आला की माणूस विचारत नाही, सांगतो.

साळवदांड्याची फलंदाजी आधी होती. हर्षल सलामीला आला. सावळा, दणकट, डोक्याला रुमाल बांधलेला. मी घसा साफ केला. फ्लेक्सवरची उणीव आपण भरून काढावी आणि बाईंचंही नाव राखावं, असं माझ्या मनात होतं.

"रसिकहो," मी म्हणालो, "करंजपाडा आणि साळवदांडा यांच्यातला हा मैत्रीपूर्ण सामना आपण पाहत आहात ऐतिहासिक राणूच्या पुळणीवरून!"

एका बाजूनं टाळ्यांचा कडकडाट झाला, शिट्ट्या वाजल्या. मला हुरूप आला. दुसरी बाजू गप्प होती. त्यांना नीट ऐकू गेलं नसेल असं वाटून मी माईक जवळ घेतला आणि पुन्हा, सावकाश म्हणालो, "राणूची... पुळण!"

हर्षलनं बॅट खांद्यावर टाकली. "पंच, मी खेलत नाय," म्हणाला आणि होडीकडे चालायला लागला. त्याच्या मागे सगळा साळवदांडा. कर्ण्यातून माझा श्वास तेवढा ऐकू येत होता.

मामा माझ्यापाशी आले. "अरे, तुना सांगितला होता ना?"

"काय सांगितलं होतं?"

"सांगायची गरज नाय असा सांगितला होता!"

तेव्हा कुठे मला एकेकाकडून सगळं कळलं. करंजपाडा या वाळूला राणूची पुळण म्हणतो. साळवदांड्यात तिचं नाव बायांचं वाळवण, कारण तिकडच्या बायका पिढ्यान्‌पिढ्या इथे सुकट-बोंबील वाळत घालत आल्या. राणूची म्हटलं की वाळू इकडची झाली, वाळवण म्हटलं की तिकडची. खुर्च्या फेकल्या गेल्या त्या वर्षी बोर्डावर 'राणूची पुळण चषक' लिहिलं होतं, शिवी नव्हती. दिवसातला अर्धा वेळ समुद्राच्या तळाशी असलेल्या जागेसाठी हे चाललं होतं, आणि दोन्ही बाजू पूर्ण गंभीर होत्या.

साळवदांड्याचा एक जण ओरडला, "कुठला रं तू?"

"बेळगावचा."

मग होडीतून कुणीतरी म्हणालं, "बेलगावचा आनि नावात फसला?" आणि हशा पिकला. इकडून लगेच उत्तर गेलं, "बेलगावचा मानूस आमच्या बाजूनं बोलला! आता राहिलं काय?" त्यावर तिकडची दोन पोरं बाह्या सरसावून उठली. मामींकडे माझं लक्ष गेलं. त्या वाळूच्या कडेला उभ्या होत्या आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत, सोडत होत्या. सोनाली नवऱ्याच्या होडीपाशी उभी होती, बसली नव्हती.

इतक्यात एक छत्री गर्दीतून वाट काढत माझ्याकडे आली. छत्रीखाली साळवदांड्याची मालूआजी, हर्षलची आजी. ठेंगणी, नाकात मोठी नथ, आवाज माईकची गरज नसलेला.

"ए शिकलेल्या, हे नाव तुना कोनी शिकवला?"

"आमच्या बाईंनी. सुलभाबाई ठाकूर."

"कोन, सुली? ह्या दत्ताची बहीन?" आजीनं छत्री मिटली. "अरं, ती माझ्यासंगती हितं सुकट राखायला बसायची! आमच्यात असली का बायांचं वाळवण बोलायची आनि घरी गेली का राणूची पुळण. दोन्हीकडचा खाऊ खायची ती!"

"ती लबाडच होती," मामा चटकन म्हणाले, आणि पहिल्यांदाच दोन्ही बाजू एकदम हसल्या.

आजीनं माझ्या हातातला माईक ओढून घेतला. "ऐका रं! एक ओव्हर त्यांचं नाव, एक ओव्हर आमचं. बोलनार हाच. चुकला का ह्याला पान्यात घालायचा. हर्षल, मागं ये. आउट न होता पलाला असा लोक बोलतील."

शेवटचं वाक्य लागू पडलं असावं. हर्षल थांबला, वळला. पण तोही कप्तानच. "पहिली ओव्हर कुनाच्या नावाची?"

यावर पुन्हा आवाज चढले. शेवटी पंचांनी खिशातून नाणं काढलं. सामन्याची नाणेफेक झालीच होती, आता नावाची झाली. साळवदांडा जिंकला. करंजपाड्यानं हिशेब करून पाहिला, शेवटचं षटक आपल्या नावावर येतंय म्हटल्यावर तेही राजी झाले.

असं समालोचन पूर्वी कुणी केलं असेल असं मला वाटत नाही. "बायांच्या वाळवणावर पहिला चेंडू, हर्षलनं उचलला, खाडीच्या दिशेनं, पाण्यात! दोन धावा." मग पंच टोक बदलत, आणि मी मनातल्या मनात गाव बदलायचो. "राणूच्या पुळणीवर वेगवान मारा..." हळूहळू असं झालं की खेळ कुणी बघेचना. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. एकदा घाईत मी "राणूचं वाळवण" म्हणून गेलो. दोन्ही गावांनी मला मिळून उचललं आणि खाडीत घातलं. एका बाजूला मामा होते, दुसऱ्या बाजूला हर्षल. ते मला धरून दोन पावलं एकत्र चालले, हे पाण्यातून डोकं वर काढल्यावर माझ्या ध्यानात आलं. ओल्या कपड्यांनी मी पुढचं समालोचन केलं. मालूआजीनं मला कोरडा पंचा दिला आणि आमच्याकडच्या कुंद्याचा तुकडा तोंडात टाकून "गोड हाय, पन मासा पायजे होता" असा निकाल दिला.

मधल्या घोळात मात्र बराच वेळ गेला होता आणि समुद्र कुणासाठी थांबला नव्हता. करंजपाडा धावांचा पाठलाग करून दमला, शेवटी गडी बाद होऊन साळवदांड्याइतक्याच धावांवर अडकला. बरोबरी. दोन्हीकडून आणखी एकेक षटक खेळायचं ठरलं, तेव्हा पाणी घोट्यापर्यंत आलं होतं. त्या शेवटच्या षटकात जिंकायला एक धाव हवी असताना हर्षल पाणी उडवत पळाला. चेंडू आला, लाटही आली, आणि स्टंप आडवा झाला.

पंचांनी बोट वर केलं.

"चेंडूनं कुठं? लाटेनं परला स्टंप!" हर्षल ओरडला.

"चेंडूनंच परला!" मामा.

"तुमी डोळे तपासून घ्या!"

पंचांनी आपल्या चपला तरंगताना पाहिल्या, त्या धरायला धावले, आणि सामना तिथेच संपला. माणसं गुडघाभर पाण्यातून आपापल्या किनाऱ्याकडे निघाली. हर्षल होडीत बसून निघून गेला. सोनाली एकदा मागे वळून आईकडे बघत त्याच्याबरोबर गेली. थोड्या वेळानं मी वळून पाहिलं तर जागाच नव्हती. दोन नावांची एवढी मोठी जागा, आणि वर नुसतं सपाट, चमकणारं पाणी.

त्या संध्याकाळचं इथे लिहीत नाही. ते बाईंच्या घरचं आहे, म्हणून त्यांना लिहिलेलं पत्रच शेवटी जोडलं आहे.

तिसऱ्या दिवशी मी परत आलो. गाडीत झोप लागली नाही. नावांची भांडणं मला नेहमी मोठी, दूरची, आपल्या हातात नसलेली वाटायची. कोर्टात चालणारी, फलकांवर काळं फासणारी. त्यांच्याखाली आपण राहतो आणि जपून बोलतो. किनाऱ्यावर मी तेच भांडण हातात धरता येईल एवढं लहान पाहिलं, आणि लहान असलं तरी ते खोटं नव्हतं हेही पाहिलं. त्या वाळूवर मामींच्या घरचं एक माणूस अडून राहिलं होतं. दोन्ही नावं एकाच तोंडानं घेता येतात, फक्त तोंड दमतं आणि कपडे ओले होतात. यापलीकडे काही शहाणपण मला सुचलं नाही. बाईंना मात्र मी घरी पोचलो त्याच दिवशी लिहिलं.

"ती. बाईंस,

परशरामचा साष्टांग नमस्कार.

तुमची वाळू पाहिली. तुम्ही फळ्यावर काढायचात तशीच आहे, फक्त तिला आणखी एक नाव आहे, ते तुम्ही आम्हाला शिकवलं नाहीत. मालूआजीनं सगळं सांगितलं आहे. मी पाण्यात पडलो त्याची निम्मी जबाबदारी तुमच्यावर येते.

दत्तामामा बरे आहेत. सामना जुळवला त्यांनीच आणि शेवटी भांडलेही तेच. पाणी चढल्यावर सगळे घरी गेले. मामींनी तरीही पोपटी लावली. जाळ झाला, मडकं तडतडलं, शेंगांचा वास सगळ्या वाडीत पसरला. मडकं उघडायला मामा उठले तर मामी म्हणाल्या, 'जरा थांबा.' मग पुन्हा म्हणाल्या, 'जरा थांबा.'

अंधार पडायला लागला तेव्हा फाटकाशी कुणीतरी ओरडलं, 'मी जेवायला नाय आलो! रनआउटचं विचारायला आलोय!'

हर्षल होता. त्याच्या मागे सोनाली, तोंड दाबून हसत. मामाही बसल्या जागेवरून ओरडले, 'विचार ना! चेंडूनंच परला!' तो फाटक उघडून अंगणात आला. लाट कुठून आली ते दाखवायला पायरी चढला. मामांनी चेंडू कुठून आला ते दाखवलं, तेव्हा तो उंबरा ओलांडून घरात शिरला आणि स्टंप म्हणून पाटच उभा केला. मामींनी तो पाट त्याच्या हातातून घेतला, खाली मांडला आणि पुढे केळीचं पान ठेवलं. तो बोलता बोलता त्यावर बसला. आपण बसलोय हे त्याला कळलं की नाही, मला सांगता येणार नाही.

मला साक्षीला बोलावलं. मी म्हणालो, मी तेव्हा पुढच्या षटकाचं नाव आठवत होतो, स्टंप पाहिला नाही. दोघांनी मला एकदमच नावं ठेवली.

बाई, शेंगा संपल्या, कोंबडी संपली, वाद संपला नाही. मामी भाताचं पातेलं घेऊन आल्या आणि हळूच विचारलं, 'वाढू काय?' तो मामांना लाटेची उंची हातानं दाखवत होता. त्यानं बोलणं थांबवलं नाही. दुसऱ्या हातानं पान मात्र पुढे सरकवलं.

आपला विद्यार्थी,
परशराम"